मिल्टन कॅनिफ : विमाने रेखाटणारा माजी विद्यार्थी

आपल्या बॅचच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत एका अमेरिकन चित्रकाराचे चरित्र कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. कारण सांगते. हा माणूस जगाला माहीत आहे तो वर्तमानपत्रांतल्या वैमानिकांच्या चित्रकथांसाठी. मला मात्र तो जास्त भावतो तो माजी विद्यार्थी म्हणून. आयुष्यभराचे काम गोळा करून त्याने ते आपण जिथे शिकलो त्या संस्थेच्या हवाली केले. त्यातून पुढे जे उभे राहिले, त्याची हकिकत आपल्या सर्वांना, विशेषतः आपल्या चित्रकलेच्या आणि मराठीच्या शिक्षकांना, आवडेल असे वाटते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स वाचली आहेत. नवी विकत मिळाली नाहीत तरी रद्दीच्या दुकानात आणि मोठ्या भावंडांच्या खणात ती सापडत. फँटम आणि मँड्रेक यांच्याबरोबर त्यात बझ सॉयर नावाचा एक वैमानिकही असे. त्याचा चित्रकार रॉय क्रेन. मिल्टन कॅनिफ हा याच काळातला, याच वाटेवरचा चित्रकार. त्याच्या चित्रकथा आपल्याकडे फारशा पोचल्या नाहीत, पण त्याच्या कथेतला एक वैमानिक ज्या खऱ्या माणसावरून घेतला होता तो माणूस आसाममधून लढला होता. ते पुढे येईलच.

कॅनिफचा जन्म २८ फेब्रुवारी १९०७ रोजी ओहायो राज्यातल्या हिल्सबरो या लहान गावी झाला. वडील मुद्रक. त्यामुळे शाईचा वास घरचाच. पुढे कुटुंब डेटन शहरात आले. डेटन म्हणजे राइट बंधूंचे गाव. मिल्टन जन्मला तेव्हा त्यांच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि त्या विमानातल्या सुधारणा गावाबाहेरच्या कुरणावरच झाल्या होत्या. शाळेत असतानाच तो 'डेटन जर्नल' या वर्तमानपत्राच्या चित्र विभागात पडेल ते काम करू लागला.

त्यानंतर तो कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाला. दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात 'कोलंबस डिस्पॅच' या वर्तमानपत्रात काम. त्याला नाटकाचे वेडही जबरदस्त होते आणि नट व्हावे असा विचार पक्का होत आला होता. डिस्पॅचमध्ये बिली आयर्लंड नावाचे ज्येष्ठ व्यंगचित्रकार होते. नटांना वेळेवर जेवायला मिळत नाही, तेव्हा तू आपली शाईची दौत सोडू नकोस, असे त्यांनी या पोराला समजावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने ऐकले. पण नाटक त्याच्या हातातून गेले नाही. पुढे त्याच्या चित्रांत प्रकाश कुठून येतो, पात्र कुठे उभे राहते, कोण पाठमोरे असते, यात रंगमंचाची जाण स्पष्ट दिसते.

१९३० साली पदवी मिळाली, त्याच वर्षी एस्थर पार्सन्सशी लग्न झाले, आणि पाठोपाठ मंदीने डिस्पॅचमधली नोकरी गेली. नोएल सिकल्स या मित्राबरोबर त्याने कोलंबसमध्येच छोटा स्टुडिओ काढून पाहिला. तो फार चालला नाही. १९३२ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे बोलावणे आले आणि कॅनिफ दांपत्य न्यूयॉर्कला गेले. तिथे १९३३ मध्ये त्याने 'डिकी डेअर' ही मुलांची साहसकथा सुरू केली. तिच्यावर 'न्यूयॉर्क डेली न्यूज'चे मालक जोसेफ पॅटरसन यांची नजर गेली. त्यांना पूर्वेकडच्या देशांत घडणारी साहसकथा हवी होती. २२ ऑक्टोबर १९३४ रोजी 'टेरी अँड द पायरेट्स'ची पहिली पट्टी छापून आली.

कॅनिफने चीन पाहिलेला नव्हता. त्याने वाचनालये पिंजून काढली आणि पुस्तकांतून, छायाचित्रांतून चीन उभा केला. टेरी हा अमेरिकन मुलगा, त्याचा मोठा सोबती पॅट रायन आणि समुद्री चाच्यांची म्होरकी ड्रॅगन लेडी ही यातली मुख्य पात्रे. कॉनी नावाचा त्यांचा चिनी सोबती मात्र आज पाहताना खटकतो. तेव्हाच्या अमेरिकेत चिनी माणसाची जी थट्टा चाले, तीच त्याच्या मोठ्या कानांत आणि दातांत उतरली आहे. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूने, १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केल्यावर कॅनिफने ते युद्ध कथेत आणले. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, म्हणून सिंडिकेटला जपानचे नाव नको होते. मग त्याने शत्रूला नुसते 'आक्रमक' म्हटले. वाचकांना काय ते कळत होते. ड्रॅगन लेडीही चाचेगिरी सोडून या आक्रमकांशी लढू लागली.

आता थोडे चित्रांविषयी. न्यूयॉर्कमध्येही कॅनिफ आणि सिकल्स एकाच स्टुडिओत बसत. सिकल्स तेव्हा 'स्कॉर्ची स्मिथ' ही वैमानिकाची चित्रकथा काढत होता. विमान काढणे अवघड असते. प्रत्येक रिबिट आणि प्रत्येक तार काढली तर चित्र यंत्राच्या नकाशासारखे मेलेले दिसते. शिवाय वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर बारीक रेषा फुटतात किंवा भरून जातात. सिकल्सने टाकाची बारीक रेघ कमी केली आणि ब्रशने काळ्या शाईचे मोठे ठसे द्यायला सुरुवात केली. पंखाची सावली पडली की पंख आपोआप दिसतो. अर्धे विमान काळे, अर्धे पांढरे. उरलेले वाचकाचा डोळा पुरे करतो. ही पद्धत वेगवानही होती, आणि आठवड्याला सहा पट्ट्या व रविवारचे रंगीत पान द्यायचे म्हणजे वेग हवाच. दोघे एकमेकांच्या कामाला हात लावत. सिकल्स १९३६ मध्ये पगारवाढ नाकारली गेल्यावर ते काम सोडून गेला. त्याने शोधलेल्या छायाप्रकाशाला कथेची जोड देऊन कॅनिफने ती पद्धत देशभर पोचवली. पुढची कित्येक वर्षे साहसकथा काढणारे चित्रकार कॅनिफची चित्रे समोर ठेवून शिकत.

कथा सांगण्यातही त्याने एक मोठे धाडस केले. ऑक्टोबर १९४१ मध्ये रेव्हन शर्मन हे लोकांचे आवडते पात्र त्याने मारले. चीनमध्ये मदतकार्य करणारी ही तरुणी धावत्या ट्रकमधून ढकलली जाते आणि काही दिवसांनी प्राण सोडते. चित्रकथेतले चांगले पात्र मरते याची वाचकांना सवयच नव्हती. पत्रांचा आणि दुखवट्याच्या संदेशांचा ढीग लागला. आपल्याकडे मालिकेतले पात्र गेल्यावर आजी दोन दिवस जेवत नाही, तसाच काहीसा प्रकार.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिका युद्धात उतरली. कॅनिफला पायाच्या शिरांचा जुना आजार होता, त्यामुळे तो सैन्यभरतीत अपात्र ठरला. त्याने मग लढाई कागदावर केली. सैनिकांच्या छावणीपत्रांसाठी १९४३ पासून त्याने 'मेल कॉल' नावाची वेगळी पट्टी मोबदला न घेता काढली. टेरी आता मोठा होऊन लष्करी वैमानिक झाला. त्याला शिकवणारा फ्लिप कॉर्किन हे पात्र कॅनिफने फिलिप कॉक्रन या खऱ्या लढाऊ वैमानिकावरून घेतले. कॉक्रन त्याचा मित्र, आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचाच विद्यार्थी.

आसामचा संबंध येतो तो इथे. कॉक्रनने जॉन ॲलिसन यांच्यासह पहिल्या एअर कमांडो ग्रुपचे नेतृत्व केले. हा गट आसाममधल्या सिलचरजवळच्या लालाघाट आणि हैलाकांडी या धावपट्ट्यांवर तळ देऊन होता. ५ मार्च १९४४ च्या रात्री लालाघाटहून दोराने ओढलेली ग्लायडर विमाने निघाली आणि जपानी फौजांच्या मागे, ब्रह्मदेशाच्या जंगलात, विंगेटच्या चिंडिट सैनिकांना घेऊन उतरली. अनेक ग्लायडर मोडले, माणसे गेली, तरी जंगलात धावपट्टी तयार झाली. वर्तमानपत्रातला कॉर्किन शाईचा होता, पण ज्याच्यावरून तो काढला तो माणूस चहाच्या मळ्यांच्या त्या मुलखातून खरोखर लढत होता.

कॅनिफचे सर्वांत गाजलेले पान याच कॉर्किनचे आहे. १७ ऑक्टोबर १९४३ च्या रविवारी ते छापून आले. त्यात लढाई नाही, गोळीबार नाही. नुकतेच वैमानिकाचे पंख मिळालेल्या टेरीला कॉर्किन धावपट्टीवरून फिरायला नेतो आणि समजावतो, की हे विमान तुझ्या एकट्याच्या बळावर उडत नाही. ते ज्यांनी घडवले, ज्यांनी आधी उडवून जीव गमावले, जे रात्रभर जागून इंजिन नीट करतात, जे इंधन आणि सामान पोचवतात, त्या सगळ्यांचे तुझ्यावर ऋण आहे. हे पान अमेरिकी काँग्रेसच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी प्रणाली सुरळीत चालली की शाबासकी पडद्यावर दिसणाऱ्याला मिळते. रात्री दोन वाजता सर्व्हर जागे ठेवणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. म्हणून हे पान मला फार जवळचे वाटते.

एवढी लोकप्रियता मिळूनही 'टेरी' कॅनिफची नव्हती. पात्रे, नाव, कथा या सगळ्याची मालकी सिंडिकेटकडे होती. उद्या त्याला काढून टाकले असते तर टेरी दुसऱ्याच्या हातून पुढे चालला असता. शिकागोच्या मार्शल फील्ड यांनी त्याला नवी चित्रकथा आणि तिची पूर्ण मालकी देऊ केली. त्याने यशाच्या ऐन शिखरावर टेरी सोडला. जुन्या कराराप्रमाणे १९४६ च्या अखेरपर्यंत मात्र तो इमानाने काढला. त्या डिसेंबरातले त्याचे शेवटचे रविवारचे पान, बर्फाळ धावपट्टीवरच्या निरोपाचे, आजही नावाजले जाते. पुढे टेरी जॉर्ज वुंडर याने १९७३ पर्यंत चालवला.

१३ जानेवारी १९४७ रोजी 'स्टीव्ह कॅनियन' सुरू झाली. एकही चित्र न पाहता कित्येक वर्तमानपत्रांनी ती आधीच घेऊन ठेवली होती, आणि त्याच तारखेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कॅनिफ होता. कॅनियन हा युद्धातून परतलेला, स्वतःची लहानशी हवाई वाहतूक कंपनी चालवणारा वैमानिक. कोरियन युद्धाच्या वेळी तो पुन्हा हवाई दलात जातो. विमाने, गणवेश, कॉकपिटमधली उपकरणे बिनचूक असावीत म्हणून कॅनिफ हवाई दलाच्या लोकांकडून सतत माहिती घेई. कोलोरॅडोतल्या आयडाहो स्प्रिंग्ज गावात या कागदी वैमानिकाचा दगडी पुतळाही उभा राहिला. पण काळ बदलला. व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत गणवेशातला नायक अनेकांना नकोसा झाला, वर्तमानपत्रांतली चित्रकथांची जागा आक्रसत गेली आणि कॅनियन छापणारी वर्तमानपत्रे कमी झाली. कॅनिफ मात्र काढत राहिला.

आता मुख्य मुद्दा, मूळ चित्रांचा. ही चित्रे कशी बनत? जाड ड्रॉइंग पेपरवर, छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट मोठी. आधी पेन्सिल, मग फुग्यातली अक्षरे, मग शाई. चुकले तिथे पांढरा रंग. ते चित्र कॅमेऱ्याखाली जाई, त्यावरून धातूचा ठसा तयार होई आणि त्याचे साचे गावोगावच्या वर्तमानपत्रांना जात. ठसा झाला की मूळ चित्राचे काम संपले. ते छपाईच्या प्रक्रियेतली एक पायरी होते, त्याला कोणी कलाकृती मानत नव्हते. कितीतरी चित्रे कचऱ्यात गेली. कितीतरी चित्रकारांनी पत्र लिहून मागणाऱ्या वाचकाला ती सहज देऊन टाकली. आज रसिक मंडळी जी मूळ चित्रे लिलावात बोली लावून घेतात, त्यांतली बरीचशी अशीच कोणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून आलेली असतात. वाचकांनी हौसेने जपली म्हणून ती उरली. खासगी संग्राहकांचे हे उपकार मोठे आहेत. पण खासगी संग्रहातले चित्र विकले जाते, वाटले जाते, आणि एका कथेची पाने दहा गावांत जातात.

कॅनिफने दिली तशी ठेवलीही भरपूर. चित्रे, कच्ची रेखाटने, संदर्भासाठी जमवलेली छायाचित्रे, करारमदार, वाचकांची पत्रे, आपण दिलेल्या उत्तरांच्या प्रती. त्याला मूलबाळ नव्हते. १९७७ साली त्याने हा सगळा ठेवा ओहायो स्टेट विद्यापीठाला दिला. कॉमिक्स ही तेव्हा विद्यापीठात गांभीर्याने घेण्याची गोष्ट नव्हती. पत्रकारिता विभागाच्या इमारतीतल्या दोन वर्गखोल्यांत खोकी येऊन पडली. तिथे नेमलेल्या ल्युसी शेल्टन कॅसवेल या बाईंनी ती उघडली, लावली, नोंदी केल्या, आणि त्यापुढची जवळजवळ सगळी नोकरी या कामाला दिली. मला या हकिकतीतल्या दुसऱ्या नायिका त्याच वाटतात. देणारा देतो, पण खोक्यातल्या कागदाला नाव, तारीख आणि जागा कोणीतरी द्यावी लागते. नाहीतर ती नुसती रद्दी.

एकाने दिले, ते नीट ठेवले गेले हे पाहून दुसऱ्यांनीही दिले. १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाचा संग्रह तिथे आला. ग्रंथालये मायक्रोफिल्म काढून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकून देत होती, ते याने घरात भरून ठेवले होते. तो माल आणायला सहा ट्रेलर ट्रक लागले. आज तिथे सुमारे तीन लाख मूळ चित्रे आणि चित्रकथांची पंचवीस लाख कात्रणे आहेत. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'च्या बिल वॉटरसनने आपली मूळ चित्रे ठेवायला हीच जागा निवडली. २०१३ पासून हे ग्रंथालय आणि संग्रहालय विद्यापीठाच्या सलिव्हंट हॉल या प्रशस्त इमारतीत आहे. २००९ मध्ये त्याला नाव मिळाले ते बिली आयर्लंड यांचे. कॅनिफला शाईची दौत सोडू नकोस म्हणणारे तेच. शिष्याच्या ठेव्यातून उभ्या राहिलेल्या वास्तूवर गुरूचे नाव लागले.

कामानिमित्त काही महिने कोलंबसला होते तेव्हा मी तिथल्या वाचन कक्षात गेले. कोणीही आधी कळवून मूळ चित्र मागू शकतो. मी 'टेरी' मागितला. छापील पानात जे काळे एकसंध दिसते ते मूळ चित्रात तसे नसते. ब्रश कुठे भरून आला, कुठे सुकत गेला, हे दिसते. शाईखाली पुसट पेन्सिल उरलेली असते, आणि पंखाची कड सरळ करण्यासाठी दिलेला पांढरा रंग तिरक्या उजेडात चमकतो. आमच्या भाषेत सांगायचे तर छापील पान म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आणि मूळ चित्र म्हणजे सोर्स कोड, खाडाखोडीसकट. प्रोग्रॅम वापरता येतो, पण शिकायचे असेल तर सोर्स कोडच लागतो.

३ एप्रिल १९८८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, कॅनिफ न्यूयॉर्कमध्ये गेला. हातातले काम शेवटपर्यंत चालू होते. 'स्टीव्ह कॅनियन'चा समारोप ४ जून १९८८ रोजी झाला. त्या शेवटच्या पट्टीत कथा नव्हती. युद्धकाळापासूनचा त्याचा व्यवसायबंधू बिल मॉल्डिन याचे एक चित्र होते आणि शेजारच्या चौकटीत सहकारी व्यंगचित्रकारांच्या सह्या.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या शाळेचे दरवर्षी हस्तलिखित निघत असे हे आठवते ना? मुखपृष्ठ पोस्टर कलरचे, आत सुवाच्य अक्षरवाल्या मुलांनी उतरवून काढलेले लेख, मध्ये वॉटर कलरची चित्रे, आणि शेवटच्या पानावर मुख्याध्यापकांचा लाल शाईतला शेरा. प्रत एकच. छपाई नाही, झेरॉक्स नाही. म्हणजे आपले सगळेच मूळ चित्र. त्यातली किती शाळेच्या कपाटात आहेत, किती सरांच्या आणि बाईंच्या घरी गेली, किती आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर आहेत, हे एकत्र बसून पाहायला हवे. कॅनिफइतके प्रसिद्ध आपण कोणी नाही. त्याची गरजही नाही. त्याच्या खोक्यांना सुरुवातीला लागल्या त्या दोनच वर्गखोल्या. आपल्याला एक कोरडे कपाट आणि नोंदवही पुरेल. मेळाव्याला येताना घरात असलेले एक तरी पान घेऊन या. नाव, इयत्ता आणि साल मागे पेन्सिलीने लिहा. शाईने नको, ती पलीकडे उतरते. स्कॅन करून देण्याचे काम मी घेते. मूळ पान मात्र शाळेचे.